ण घरी ठेवून ये

स्पॅनिश शिकायला गेले तेव्हा मास्तरांनी पहिल्याच तासाला आम्हाला नाक दाबून बसवलं. क्रांती चौकाजवळ एका मोबाइलच्या दुकानाच्या वर त्यांची खोली होती. तिथं आम्ही पाच-सहा जण, सगळी नोकरीधंद्याची माणसं, चिमटीत नाक धरून 'म' म्हणायचा प्रयत्न करत होतो आणि आवाज आतल्या आत कोंडत होता.

"आलं ध्यानात?" मास्तर म्हणाले. "तोंड बंद, नाक बी बंद, तो आवाज जाएगा किधर? म, न आणि तिसरा एक आहे, तिघं बी नाकातून जातात. फरक फक्त जिभेचा. नाक तर वरच्यानं सगळ्यांना सारखंच दिलंय."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा आवडलं होतं. पुढं ते किती खोटं आहे ते कळलं.

मास्तर साठी उलटलेले होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परदेशी पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवण्यात घालवली होती. स्पॅनिश त्यांनी त्या पाहुण्यांकडूनच उचललेली, मग पुस्तकं आणून पक्की केलेली. बोलताना त्यांची मराठी, हिंदी आणि दखनी एकाच ताटात कालवलेली असायची. पण स्पॅनिश बोलायला लागले की माणूस ताठ बसायचा.

बाकीचे हौस म्हणून येत असतील. मी आईच्या गुडघ्यांसाठी जात होते. लिहिताना विचित्र वाटतं, पण ते तसंच होतं. वाळूजला एका स्पॅनिश मालकीच्या कारखान्यात मी रबरी सीलच्या तपासणीला आहे. बरीच वर्षं आहे, आणि जितकी वर्षं आहे तितकी कॉन्ट्रॅक्टवर आहे. तिकडच्या लोकांशी रोज बोलायला एक को-ऑर्डिनेटर हवा, आतल्याच कुणाला स्पॅनिश येत असेल तर आधी त्याचा विचार होईल, असं आमच्या मोठ्या साहेबांनी एका मीटिंगमध्ये सांगितलं. जागा पर्मनंट होती. पर्मनंट माणसाच्या आईवडिलांनाही कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घेतात. माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ती जमिनीवर बसू शकत नाही, वाकू शकत नाही, संडासला जाताना भिंत धरते. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनसाठी नंबर लावला होता, तिथं दर खेपेला पुढची तारीख मिळायची. म्हणून मी शिफ्ट सुटली की घामेजलेल्या अंगानं क्रांती चौक गाठायची आणि नाक दाबून बसायची.

सुरुवात बरी झाली. कामा म्हणजे पलंग, काना म्हणजे पांढरा केस, काञा म्हणजे ऊस. तीन शब्द, मधला आवाज तेवढा वेगळा. मास्तर हे तिन्ही शब्द उलटेसुलटे म्हणायचे आणि आम्ही डोळे मिटून कुठला ते ओळखायचं. कामाला ओठ मिटतात, ते सोपं. काना आणि काञा यांच्यात मात्र सगळ्यांची गाळण उडायची. जो तो 'कान्या' म्हणायचा.

"न्य नको," मास्तर म्हणायचे. "न्य म्हणजे दोन आवाज, एकामागं एक. हा एकच आहे. जिभेचं टोक खाली ठेवा, खालच्या दातांमागं. मधली जीभ वर टाळूला चिकटवा. हां, आता सोडा."

हा आमचाच ञ. शाळेतल्या तक्त्यावर ज्याच्या चौकटीत चित्रच नसायचं, बाई ज्याच्यावरून छडी न टेकवताच पुढं जायच्या, तो ञ. माझ्या तोंडातून तो तिसऱ्या-चौथ्या तासाला निघाला. गंगापूरच्या उसात मी लहानाची मोठी झाले, पण उसाचं नाव इतकं नेमकं माझ्या तोंडातून पहिल्यांदाच निघत होतं, आणि तेही दुसऱ्याच्या भाषेत.

जोडाक्षरांत तर मी सगळ्यांच्या पुढं होते. स्पॅनिश माणूस लिहितो न, पण पुढं ब आला की त्याचे ओठ आपोआप मिटतात आणि म होतो. पुढं ग आला की तोच न घशाकडे सरकतो. बाकीचे हे नियम पाठ करत बसले. मला त्यात नवल वाटेना. आपण नाही का एकच टिंब देत? संप म्हणताना त्याचा म होतो, अंक म्हणताना ङ होतो, संत म्हणताना न राहतो, आणि कुणी आपल्याला ते शिकवलेलं नसतं. मी हे सांगितल्यावर मास्तर टाळी वाजवून म्हणाले, "क्या बात है!" मला कुणी असं शेवटचं कधी म्हणालं होतं ते आठवेना.

आणि मग मी घोटाळा केला. मास्तर म्हणाले, आता 'मुई बुएनो' म्हणा, म्हणजे 'खूप छान'. मी म्हटलं, "मुई बुएणो."

मास्तरांनी कानात बोट घालून हलवलं. "फिरसे."

"बुएणो."

"हा ण कुठून आणलास बेटा? स्पॅनिशमध्ये ण नाहीच. आख्ख्या भाषेत नाही. तुझा हा ण घरी ठेवून ये."

बाकीचे हसले. मास्तरांचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत होतं. तरी माझे कान तापले.

ण कुठून आणला, हे मी त्यांना सांगितलं असतं तर तास संपला असता. बारावीपर्यंत माझ्याकडे ण नव्हताच. आमच्या गावात कुणाकडेच नव्हता. आम्ही पानी प्यायचो, लोनी खायचो, आनी कुणाचं काही अडत नव्हतं. मग मी शहरात कॉलेजला आले. मराठीच्या तासाला उभं राहून धडा वाचला आणि वर्गात खसखस पिकली. प्राध्यापक म्हणाले, "पानी नाही, पाणी. बाणातला ण. म्हणा." मी म्हटलं. "परत." परत म्हटलं. ते तास संपेपर्यंत चाललं. मला प्रश्न कुणीच विचारला नाही, की तुला धडा समजला का.

तेव्हापासून मी तो आवाज घोटायला घेतला. रस्त्यानं चालताना, बसच्या रांगेत, भांडी घासताना ण, ण, ण. जीभ मागं वळवून वळवून जबडा दुखायचा. एकदा ण आला आणि मग तो जाईना. जिथं नको तिथंही बसायला लागला. एक दिवस वर्गात मी म्हटलं, "सर, मी मण लावून अभ्यास करते." मागून कुणीतरी म्हणालं, "किती मण?" त्या दिवशी वर्ग हसला तसा पुन्हा कधी हसला नाही. 'न' म्हणावं तर गावठी, 'ण' म्हणावं तर त्याहून गावठी. ज्यांना हा आवाज आईच्या दुधाबरोबर मिळाला त्यांच्या जिभा आपोआप वळतात. आम्हाला प्रत्येक शब्दाआधी थांबून विचारावं लागतं, इथं कुठला? अजूनही दमले, घाबरले, की माझ्या तोंडात भलत्या ठिकाणी ण येतो. स्पॅनिशच्या वर्गात मी घाबरलेली होते, म्हणून आला.

मास्तरांनी मला त्यावर एक उपाय दिला. एक छोटा आरसा आणायला सांगितला. बोलताना जिभेचं टोक आरशात दिसलं पाहिजे. दिसलं तर न, मागं पळालं तर ण. जीभ पळाली की पकडायची आणि पुढं आणून बसवायची. मी रोज सकाळी चहा होईपर्यंत स्वयंपाकघराच्या खिडकीत आरसा टेकवून उभी राहायची आणि म्हणायची, कामा, काना, काञा.

आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघायची. आम्ही दोघीच राहतो, दोन खोल्यांत. पहिले काही दिवस ती गप्प होती. मग म्हणाली, "काय बडबडायलीस गं सकाळसकाळी?"

"स्पॅनिश आहे आई. तीन शब्द आहेत, वेगवेगळे."

"कुटं येगळे हायत? समदं एकच तर म्हनायलीस. काना, काना, काना."

तिला खरंच फरक ऐकू येत नव्हता. मला हसू आलं, आणि तीही हसली. नंतर चहा होईपर्यंत माझ्याबरोबर तीही म्हणायला लागली, काना, काना, काना. शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी गोऱ्यांची भाषा शिकायली. मंग माजं गुडघं कंपनी करनार हाय." तिनं दवाखान्याची पिशवीसुद्धा भरून ठेवली. त्यात दोन धुतलेली लुगडी, टॉवेल, स्टीलचा ग्लास. मी म्हटलं, एवढ्यात कशाला? म्हणाली, ऐनवेळी धावपळ नको. पिशवी तिच्या खाटेखाली होती.

थंडीत स्पेनहून एक मोठे इंजिनियर आले. त्या जागेसाठी परीक्षा अशी वेगळी नव्हती. मी त्यांच्याबरोबर दिवसभर कारखान्यात फिरायचं आणि दुभाषाचं काम करायचं, तीच परीक्षा. सकाळी त्यांनी तोंड उघडलं आणि मी पहिल्याच वाक्याला अडकले. शब्दाच्या शेवटचा न ते म्हणतच नव्हते. पावाला आम्ही 'पान' शिकलो होतो, ते 'पाङ' म्हणत होते. प्रत्येक शब्दाचं शेपूट घशात. मला माझ्या आरशापुढच्या सगळ्या सकाळी आठवल्या आणि वाटलं, मास्तरांनी फसवलं.

जेवणाच्या सुट्टीत धीर करून मी त्यांना विचारलं. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, आम्ही दक्षिणेकडची माणसं, आमच्याकडे असंच बोलतात. राजधानीतले लोक आम्हाला नावं ठेवतात.

"अजून ठेवतात?" मी विचारलं.

"आता मी साहेब आहे," ते म्हणाले. "आता मी खोलीतून बाहेर गेल्यावर ठेवतात."

त्यानंतर माझी जीभ सुटली. दुपारी आम्ही लाइनवर गेलो. तिथल्या बायकांनी आपली टेबलं कारखान्याच्या नकाशात दाखवल्याच्या उलटी फिरवून घेतली होती. ती का फिरवली, असं इंजिनियरनी एका मावशींना विचारायला सांगितलं. मावशी वैजापूरकडच्या, माझ्या आईच्या वयाच्या. मी त्यांच्याशी त्यांच्यासारखंच बोलले. दुसरं कसं बोलणार?

"मावशी, ह्यो इचारायलाय, टेबल कामून फिरिवलं?"

"अगं, खिडकीतून लई ऊन येतं डोळ्यावर. मान अवघडती दिवसभर. त्येला म्हनावं, तूच बसून बघ की एक डाव."

मी ते जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये सांगितलं. 'तूच बसून बघ' हेही गाळलं नाही. इंजिनियर खरंच स्टुलावर बसले, टेबल पहिल्यासारखं वळवून घेतलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, बाई बरोबर सांगताहेत. लाइनवरच्या सगळ्या बाया हसायला लागल्या. मावशींनी मला कोपरानं ढोसलं. "बग, कळलं का न्हाय!" मावशींच्या तोंडून निघालेलं थेट त्या माणसाच्या कानात जात होतं, मधे ना इंग्रजी, ना पुस्तकी मराठी. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मला वाटलं, झालं, जागा आपली.

आमचे मोठे साहेब मागंच उभे होते. ते हसत नव्हते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला.

"तुमचं स्पॅनिश उत्तम आहे. पाहुण्यांनी जाताना आवर्जून सांगितलं. उच्चारांचं तर विशेष कौतुक केलं."

साहेबांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"पण ही जागा नुसत्या स्पॅनिशची नाही. कंपनीचा चेहरा आहे तो. उद्या बँकेची माणसं येतील, मंत्रालयातली येतील. त्या दिवशी लाइनवर तुम्ही जी भाषा बोलत होता..."

"मराठी बोलत होते, सर."

"ती मराठी नव्हे," साहेब म्हणाले.

ते रागावून बोलले नाहीत. समजूत घातल्यासारखं बोलले, मला त्याचीच जास्त चीड आली. पुण्याहून एक मुलगी घेतली आहे, भाषेची पदवी आहे, बोलणं स्वच्छ आहे, असं त्यांनी सांगितलं. तुमचं काम आहे तसंच चालू राहील, कॉन्ट्रॅक्टची काळजी करू नका. आणि एवढं करा, तिला जरा आपल्या कामातले शब्द आणि उच्चार समजावून द्या.

साहेब कुठल्या वरच्या आळीत जन्मलेले नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते वैजापूरचे. त्यांच्या भावाचा मार्केट यार्डात कांद्याचा धंदा आहे. एकदा पार्किंगमध्ये ते भावावर फोनवरून ओरडत होते आणि मी मागून येत होते. "बैलाला पानी तरी पाजलं का रं?" म्हणत होते. त्या 'पानी'तला न अगदी स्वच्छ होता, माझ्या आईचा असतो तसा. म्हणजे त्यांनीही कधीतरी कुठल्यातरी वर्गात उभं राहून बाणातला ण घोटला असणार, जबडा दुखेपर्यंत. आणि तो कमावल्यावर पहिलं काम काय केलं, तर दारात उभे राहिले, दुसरं कुणी तसंच आत येऊ नये म्हणून. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईचा राग नाकाच्या शेंड्यावर आला तरी तिथंच थांबवावा लागतो. मी चहा संपवला आणि उठले.

मुलगी चांगली निघाली. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. मला ताई म्हणायची, डबा समोर सरकवायची. तिला व्याकरण माझ्यापेक्षा जास्त येत होतं. पण ती साहेबाला सेन्योर म्हणायची, उद्याला मान्याना म्हणायची, न आणि य सुटे सुटे, आणि आपण चुकतोय हे तिला ऐकूच येत नव्हतं. तिला आजवर कुणी हसलं नव्हतं, ऐकू कसं येणार? मी तिला चुकीचं शिकवू शकले असते. तसंच म्हणत राहा, छान आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझ्यानं ते होईना. मी माझा आरसा आणून तिच्यापुढं ठेवला, जिभेचं टोक खाली, मधली जीभ टाळूला, आता सोड. कामा, काना, काञा. आठवडाभरात तिला आलं. तिनं टाळी वाजवली. आधी मला साहेबांचा राग येत होता, त्या दिवशी स्वतःचा आला, की मी एवढं नीट का शिकवते.

मास्तरांकडे जाणं मी बंद केलं. त्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांनी सांगितलं तसा ण मी घरी ठेवून गेले होते. पण ती जागा स्पॅनिशनं गेलीच नव्हती, आणि ज्या भाषेनं गेली तिचा वर्ग क्रांती चौकात भरत नाही.

साहेबांनी सांगितल्यावर आईला मी दोन-तीन दिवस काही बोलले नव्हते. मग एका सकाळी आरसा काढला नाही, तेव्हा तिनं ओळखलं. खुर्चीत बसूनच म्हणाली, "आज ते काना काना न्हाय व्हय?"

"नाही. ती जागा दुसऱ्या मुलीला दिली, आई."

तिनं कप बशीत रिकामा केला. चहा फुर्र करून प्यायली, बशी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तेवढी पिशवी काड खाटंखालून. लुगड्याला घड्या पडत्यात." तिला वाकता येत नाही म्हणून मी पिशवी काढून तिच्या मांडीवर ठेवली. ती एकेक लुगडं काढून, झटकून, पुन्हा घडी घालायला लागली.

"कामून न्हाय म्हनले?"

खरं सांगू नये असं वाटलं होतं. पण मला इतके दिवस कुणावर तरी फुटायचं होतं. "माझं बोलणं गावठी वाटतं म्हणाले."

"कोनचं? ते सकाळचं?"

"नाही," मी म्हटलं. "ते चांगलं आहे म्हणाले. आपलं."

तिचे हात लुगड्यावरच थांबले. तिनं खिडकीतल्या रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथं मी आरसा टेकवायची.

"आपलं तर म्या शिकिवलंय तुला," ती म्हणाली, आणि पिशवीतला ग्लास काढून मांडणीवर ठेवायला माझ्या हातात दिला.